दीडशे पीएसआय

ट्रॅक्टरला बँक कर्ज देते. ट्रॉलीला देते. अवजारांना अनुदान असतं, त्याचा मोबाइलवर मेसेज येतो, मग कागदं गोळा करण्यात एक हंगाम जातो. चाकातल्या हवेचं मात्र कुणी नावही काढत नाही. ती ज्याची त्यानं बघायची.

आमचं गाव औसा तालुक्यात. हवा भरायचं दुकान फाट्यावर, म्हणजे लांब. आता मोटारसायकलची हवा गेली तर माणूस ती ढकलत नेतो. चाळीस क्विंटल सोयाबीन भरलेली ट्रॉली कोण ढकलणार? ज्या चाकात हवा नाही ते चाक हवेपर्यंत नेता येत नाही, ही यातली मूळ अडचण. रात्री भरून ठेवलेली ट्रॉली सकाळी डाव्या अंगाला कलंडलेली दिसते, लातूरच्या मार्केट यार्डात तिकडं भाव घसरत असतो, आणि आपण जॅकखाली ठेवायला सपाट दगड हुडकत असतो. काळ्या रानात जॅक लावला की ट्रॉली वर येत नाही, जॅक खाली जातो.

एवढं झाल्यावर मी घरात जाहीर केलं, की आपण स्वतःचा कंप्रेसर घ्यायचा, उचलून नेता येईल असा.

बातमी दुपारपर्यंत गावभर. आमच्याकडं कंप्रेसर म्हटलं की ट्रॅक्टरच्या मागं बसवलेला, विहिरीत सुरुंगाची भोकं पाडणारा राक्षस डोळ्यांसमोर येतो. संध्याकाळी तीन जण ओट्यावर येऊन बसले. एकानं विचारलं, "गुरुजी, पाणी कुणी दाखवलं? नारळवाल्यानं का मशीनवाल्यानं?" दुसऱ्याचा तसला कंप्रेसर स्वतःचाच. तो म्हणाला, "आवो, आमचा खडक फोडतोय, तुमचं टायर काय घिऊन बसलाव! आणा की इकडं." आता त्याच्या मशीनला हवा मुबलक, हे खरं. पण उन्हाळाभर ते कुणाच्या तरी विहिरीवर असतं. शिवाय माझी ट्रॉली बसलीय म्हणून मी ती त्याच्याकडं कशी न्यायची, हा प्रश्न परत तिथंच.

लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आबा म्हणाले होते की आता फक्त हवा तेवढी फुकट राहिली. आबांना हवेचे दर माहीत नव्हते.

खरेदीआधी एक गोष्ट ठरवायची होती: चाकात हवा भरायची किती? आबांचं माप टामी. लोखंडी टामी टायरवर हाणायची. टण् वाजलं तर ठीक, ढब् वाजलं तर कमी. आमच्या ड्रायव्हरचं माप लाथ. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं मला आकडा पाहिजे होता. आकडा टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो, पण तो शेणामातीखाली असतो, आणि टायर रिमोल्ड केलेलं असलं तर वरचे कट्टे नवेकोरे आणि बाजूची अक्षरं मागच्या जन्मीची. बादली, चिंधी आणि बॅटरी घेऊन मी ट्रॉलीखाली आडवा झालो. येणारेजाणारे थांबून विचारायला लागले, "गुरुजी, काय पडलं?"

सापडलं ते असं: ९.००-१६, मग १६ पीआर. ड्रायव्हर म्हणाला, "बघा, सोळाच लिवलंय, आपण उगं ऐंशी मारतोय." पीआर म्हणजे टायर किती थरांच्या ताकदीचं आहे त्याचा आकडा, हवेशी त्याचा थेट संबंध नाही, हे सांगेपर्यंत तो दोन चाकांची हवा सोडायच्या बेतात होता. खाली बारीक अक्षरांत वजन आणि दाब दिलेला असतो. आमच्या ट्रॉलीचा ऐंशी पीएसआयच्या, म्हणजे चौरस इंचाला ऐंशी पौंडांच्या आसपास निघाला. फाट्यावर त्याला पौंड म्हणतात, "ऐंशी पौंड मारू का?" आणि तेच बरं आहे. कारण मीटरवर कुठं बार लिहिलेलं असतं, कुठं किलो, कुठं केपीए. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड, एक किलो म्हणजे सव्वाचौदा. शंभर केपीए परत साडेचौदा.

आबांना एक गोष्ट अजून पटलेली नाही. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीएवढं, त्याला पौंड लागतात बारा ते वीस. ट्रॉलीचं चाक कमरेएवढं, त्याला ऐंशी. "मोठ्याला कमी आन् बारक्याला जास्त? आरं, कुणी लिवलंय हे?" मी सांगितलं, मोठ्या टायरात हवा मावते जास्त, पण ती दाबून भरायची नसते, रानात टायर पसरून माती धरलं पाहिजे. वजनासाठी आपण त्यात पाणीसुद्धा भरतो की. आबा म्हणाले, "मंग पाणीच भर ट्रॉलीत बी. मशीन कशाला?" या प्रश्नाला मी बगल दिली.

पोरगा पुण्यात. त्याला फोन केला तर चहा निवायच्या आत त्यानं मोबाइलवर यंत्रांची रांग पाठवली. सगळी दीडशे पीएसआयची. दीडशे नाही असं एकही नाही. एक तर जेवणाच्या डब्याएवढं, त्यात बॅटरी आतच, वायरीचं नावच नाही. खाली लोकांनी अभिप्राय लिहिलेले. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, "अजून वापरलं नाही, पण पॅकिंग उत्तम." दुसऱ्यानं मेहुण्याला भेट दिलं होतं आणि मेहुणा खूश होता. ट्रॉलीबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

मग लातूर. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात असं सांगतात. त्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर मला दीडशे पीएसआय भेटला. दुकानातल्या पोरानं खोक्यातून यंत्र काढलं, त्यावरचा दिवा लावून दाखवला, तो लाल होतो, लुकलुकतो. फुटबॉलची सुई दाखवली. फुगे फुगवायचं नळकांडं दाखवलं. मी म्हटलं, फुगे राहू द्या, हे मिनिटाला किती लिटर हवा देतं?

"काका, दीडशे पीएसआय आहे."

"ते झालं. लिटर किती?"

"डिजिटल आहे काका. आपोआप बंद होतं."

इथं मला थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सगळी मेख इथंच आहे. पीएसआय म्हणजे यंत्र किती जोरानं ढकलू शकतं. किती हवा ढकलतं, ते लिटरवर कळतं. आमच्या टायरच्या पोटात ढोबळमानानं नव्वद लिटर जागा. चाळीस पौंडांवर आलेलं चाक ऐंशीला न्यायचं, तर बाहेरची अडीचशे लिटरच्या आसपास हवा आत कोंबावी लागते. खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर असं छापलेलं असतं, पण ते नळीचं तोंड मोकळं असताना. समोरून चाळीस-साठ पौंडांचा दाब आला की ते निम्म्यावर येतं. म्हणजे एका चाकाला पंधरा मिनिटं. आणि त्याच खोक्याच्या तळाशी, जिथं किंमतीचं लेबल चिकटवतात त्याच्या खाली लिहिलेलं असतं: १० मिनिटं चालवा, २० मिनिटं थांबवा. मी दुकानातच हिशोब घातला. चार चाकांना अडीच तासांच्या वर, त्यातला बहुतेक वेळ आपण यंत्र गार व्हायची वाट बघत बसायचं. वाटीनं रांजण भरायचा, आणि दर दहा वाट्यांनंतर वाटीनं सुट्टी घ्यायची. तेही गार हवेत. मे महिन्यात लातुरात पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याखाली ठेवलेलं यंत्र चालू करण्याआधीच थकलेलं असतं.

पोरगं मन लावून ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "काका, तुम्ही मोठा घ्या, टाकीवाला." टाकीवाला म्हणजे घरच्या लाईटवर चालणारा, चोवीस लिटरच्या टाकीचा. दिसायला भारदस्त. पण टाकीला मीही भुललो नाही. टाकीत आठ बारची हवा असली तरी चाक साडेपाच बारचं, त्यामुळं कामाला येते ती वरच्या अडीच बारांची, म्हणजे साठ लिटर. बाकीची टाकीत नुसती बसून राहते. त्यापुढं मोटारीलाच राबावं लागतं, आणि मोटार राबायला लाईट लागते. आमच्याकडं रात्री सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब विडीसाठी काडी लावावी एवढा उजेड देतो. शिवाय रानात ट्रॉली बसली तर वायर घरून ओढत न्यायची काय?

हवेचा खरा जाणकार मला भेटला तो एका गल्लीतल्या बॅटरीवाल्याकडं. म्हातारा चष्मा कपाळावर ठेवून बोलत होता. त्यानं आधी विचारलं, "कशाला लावणार?" ट्रॉली म्हटल्यावर चष्मा खाली घेतला. म्हणाला, चारचाकीच्या सिगारेट लायटरच्या भोकाचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा, म्हणजे फार तर १८० वॅट. त्यात खोचायचं मशीन तेवढ्याच दमाचं. तुम्हाला दोन सिलिंडरचं पाहिजे, ते पंचवीस-तीस अँपिअर खातं, थेट बॅटरीला चिमटे लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर हवा भरल्यावर ट्रॅक्टर ढकलायची वेळ येईल. आणि वायर लांब करू नका, नळी लांब करा. बारा व्होल्टचा करंट लांबच्या वायरीत वाटेतच मरतो. हवेला तेवढं काही होत नाही.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. ट्रॅक्टरची बॅटरी पुढं, ट्रॉलीचं मागचं चाक पार मागं. मधल्या अंतराचा विचार खोक्यावरच्या एकाही चित्रात नव्हता. तिथं सगळ्या गाड्या छोट्या, लाल, आणि शेजारी हसणारी बाई.

घेतलं ते दोन सिलिंडरचं. पत्र्याचं अंग, मिनिटाला सत्तर लिटर, नळीचं तोंड व्हॉल्व्हवर दाबून बसवायचं. आट्याचं तोंड असलं तर काढताना फूस करत चार पौंड जातात आणि पितळ बोटाला भाजतं ते वेगळं. एक सुटं मीटरही घेतलं, कारण हवा भरताना यंत्रावरचं मीटर नळीतला दाब दाखवतं. बंद केल्यावर काटा खाली येतो तो खरा. काटेवाल्या मीटरच्या आत वाकडी नळी असते, दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली ही युक्ती काढली. हे मी आबांना कौतुकानं सांगितलं. आबा म्हणाले, "टामी त्याच्या आधीची."

किंमत मी घरी निम्मी सांगितली. आमच्या घरात तसा रिवाजच आहे. आबाही मला बैलांची निम्मीच सांगायचे. तरी बायको म्हणाली, "हवेला एवढे? अवो, तेवढ्यात कूलर आला असता."

यंत्र उत्तम चालतं. एका चाकाला सहा-सात मिनिटं, आणि दर आठवड्याला बघितलं तर तेवढीही नाहीत, सत्तरचं ऐंशी करायला कितीशी हवा लागते. फक्त आवाज असा, की पहाटे चालू केलं तर गल्लीतली कुत्री आणि मारुतीच्या देवळातले काका एकदम जागे होतात. पहाटेच का, तर टायर गार असतानाचाच आकडा खरा. डिसेंबरात परभणीकडं पारा एक आकडी होतो तेव्हा चाकातले पौंड आपोआप उतरलेले दिसतात. दुपारी लातूरहून परतल्यावर मोजलं तर चढलेले. ते चढलेले बघून ड्रायव्हर हवा सोडायला धावतो. "उनाळ्यात कमीच ठेवा लागतीय गुरुजी, न्हाईतर फुटंल." अख्ख्या मराठवाड्यात हा समज आहे आणि अगदी उलटा आहे. हवा कमी असली की भरल्या ट्रॉलीखाली टायरची बाजू सारखी दुमडते, दुमडून तापते, आणि तापून फुटते. हे मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी हवा सोडली.

आता यंत्र गावाचं झालंय. बायको त्यानं शिलाई मशीनमधला कचरा उडवते. टायरगाडीवाले येतात. सायकलवाली पोरं येतात. त्यांचा व्हॉल्व्ह निराळा, त्यांच्यापायी खोक्यातलं ते जादाचं तोंड पहिल्यांदा कामी आलं. एकदा मागून नेलेलं यंत्र लाल चिमटा काळ्यावर लावून आणलं गेलं, तेव्हापासून मी नियम केला की यंत्र जिथं जाईल तिथं मी जाणार. परिणामी लोक मला यंत्राबरोबर नेतात. शाळेतली पंधरा वर्षांची ओळख गेली आणि मी हवावाले गुरुजी झालो.

परवा वाढदिवसाचं बोलावणं आलं, शेजारच्या गावच्या एका पुढाऱ्याच्या नातवाचं. फोनवर म्हणाले, "आहेर-बिहेर काय नको गुरुजी. मशीन घिऊन नऊच्या आत या, तीनशे फुगे हायत."

मी विचारलं, "फुग्याला किती पौंड?"

तिकडून फोन ठेवला.