पाचव्या पायरीवर वाय दाबू नका

रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज: "मामा, पाचव्या पायरीवर आलोय. 'कंटिन्यू क्रिएटिंग ॲरे' असं विचारतंय. वाय दाबू ना?"

मी मेसेज टाइप करत बसलो नाही, सरळ फोन लावला. "काहीही दाबू नकोस. कीबोर्डपासून हात लांब."

त्याने संध्याकाळी घरच्या स्टोरेज सर्व्हरमध्ये नवी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) बसवली होती. आत आधीपासून चार हार्ड डिस्कांचा रेड ५ (चौघींचा मिळून एक गट, म्हणजे ॲरे; त्यातली एक गेली तरी डेटा राहतो), आणि त्यावर ताईचे झाडून सगळे फोटो. एनव्हीएमई बसवल्यापासून सर्व्हर दीड मिनिट अडकायचा आणि मग इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर जाऊन बसायचा. अशा वेळी माणूस मिळेल तो आधार धरतो. त्याला मिळाला तो फिरता मेसेज: 'हार्डवेअर बदलल्यावर सर्व्हर बूट होत नाही? ७ पायऱ्यांत डेटासकट परत!' मलाही तो याआधी दोनतीनदा आला होता. तेव्हा हसून सोडून दिला. आता तो ताईच्या घरात शिरलाय, म्हणून लिहितोय.

ज्यांना तो अजून आलेला नाही त्यांच्यासाठी सातही पायऱ्या. १: सीमॉसची बॅटरी काढून बायोस रीसेट करा. २: डिस्क जुन्याच पोर्टांवर, जुन्याच क्रमाने ठेवा, क्रम बदलला की डेटा गेला. ३: डिस्क दिसत नसेल तर ती मेली, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ४: डिस्क विंडोजला जोडा आणि 'इनिशियलाइझ' विचारलं की हो म्हणा. ५: ॲरे स्टॉप करा, जेवढ्या डिस्क दिसतात तेवढ्यांची नावं देऊन पुन्हा क्रिएट करा, इशारा आला तर वाय दाबा, डेटा आपोआप येतो. ६: पॉवर सप्लाय बदला, केबली जुन्याच चालतात. ७: ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका.

पाचवीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांपैकी काहींनी नुसता वेळ जातो, हिने फोटो जातात.

'जेवढ्या डिस्क दिसतात तेवढ्यांची नावं द्या.' हे वाक्य लिहिणाऱ्याला चारपैकी उरलेल्या दोन डिस्क गेल्या कुठे, हा प्रश्नसुद्धा पडत नाही! भाच्याच्या सर्व्हरला दोनच दिसत होत्या. त्या दोघींचा नवा रेड ५ बनवायला घेतला की एमडीएडीएम, म्हणजे लिनक्सवर रेड सांभाळणारा प्रोग्राम, काय करतं? रेड ५ क्रिएट करताना ते एक डिस्क रिकामी धरतं आणि बाकीच्यांवरून तिच्यावर हिशेब लिहायला लागतं. दोनच डिस्क असतील तर हा हिशेब म्हणजे पहिलीची हुबेहूब नक्कल. म्हणजे वाय दाबल्याच्या पुढच्या क्षणापासून दुसऱ्या डिस्कवर पहिलीची नक्कल चढणार. वेग सेकंदाला शे-दीडशे मेगाबाइट धरा, मिनिटाला सहा ते नऊ जीबी. 'आपोआप डेटा येतो' तो असा.

बरं, चारही डिस्क दिसत असत्या तर? तरीही नाही. चार डिस्क २४ प्रकारे ओळीत लावता येतात, त्यातला एकच क्रम बरोबर. तो नशिबाने जुळला तरी चंक (एकेका डिस्कवर आळीपाळीने जाणारा डेटाचा तुकडा) किती किलोबाइटचा होता (जुन्या एमडीएडीएममध्ये आपोआप ६४ यायचा, नंतर ५१२), डेटा डिस्कवर नेमका कुठून सुरू होत होता, हेही तंतोतंत जुळावं लागतं. शिवाय प्रत्येक डिस्कवर ती कुठल्या ॲरेतली कितवी, याचं ओळखपत्र लिहिलेलं असतं; क्रिएट ही जुनी ओळखपत्रं पुसून नवी लिहितं. म्हणजे चूक कळल्यावर मागे जायला ज्या खुणा लागतात, त्याच पहिल्यांदा जातात.

माझा शब्द नको असेल तर कर्नल डॉट ऑर्गवरची लिनक्स रेड विकी उघडा. तिथे सरळ सांगितलंय की जाणकार माणूस बाजूला बसून सांगत नसेल, तर आधीपासून असलेल्या ॲरेवर क्रिएट चालवू नका. सोप्या दुरुस्तीचं अवघड शवविच्छेदन करायचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. हो, क्रिएटने ॲरे परत आणलेले लोक आहेत, हे नाइलाजाने कबूल करतो. पण ते लोक आधी डिस्कांवर ओव्हरले चढवून सगळं लिखाण दुसरीकडे वळवतात, जुने सगळे आकडे कागदावर घेतात आणि मग शेवटचा उपाय म्हणून हे करतात. रात्री साडेअकराला फोनवरच्या मेसेजात बघून नाही.

मग करायचं काय? आधी वाचायचं. एमडीएडीएमला 'एक्झामिन' नावाचा पर्याय आहे, तो फक्त वाचतो, लिहीत काही नाही. भाच्याला दिसणाऱ्या दोन्ही डिस्कांवर तो चालवायला लावला आणि पडद्याचा फोटो मागवला. दोन्हींवर ॲरेची यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच. रेड डिव्हायसेस ४. ॲरेतली जागा एकीची शून्य, दुसरीची एक. इव्हेंट्सचा, म्हणजे ॲरेतल्या बदलांच्या नोंदींचा, आकडा दोन्हीकडे सारखा. आणि 'ॲरे स्टेट'समोर चार ए, ए म्हणजे ॲक्टिव्ह. म्हणजे शेवटची नोंद झाली तेव्हा चारही डिस्का ठणठणीत होत्या. दोन डिस्का एकाच संध्याकाळी, एकाच वेळी, नेमक्या एनव्हीएमई बसवल्यावर मरतात? मला तरी पटेना.

मदरबोर्डचं मॅन्युअल काढायला सांगितलं. स्टोरेजच्या पानावर तक्त्याखाली बारीक अक्षरात: हा एम.२ स्लॉट वापरल्यास साटा ५ आणि साटा ६ बंद राहतील. बऱ्याच बोर्डांवर असं असतं, एम.२ (एनव्हीएमई बसते ती खाच) आणि काही साटा पोर्ट (हार्ड डिस्कांच्या केबली लागतात ते) एकाच वाटेवर बसवलेले असतात. भाच्याच्या डिस्का ३, ४, ५ आणि ६ वर. १ आणि २ मोकळे. मशीन बंद करून दोन केबली तिकडे हलवल्या, ॲरे आपोआप उभा राहिला. कुठलाच हुकूम द्यावा लागला नाही.

आता दुसरी पायरी पुन्हा वाचा. 'डिस्क जुन्याच पोर्टांवर ठेवा.' इथे इलाज होता तो नेमका पोर्ट बदलण्याचा! मेसेजचं ऐकलं असतं तर दुखणं तसंच राहिलं असतं. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड असो की झेडएफएस (रेडसारखंच काम स्वतः करणारी फाइल सिस्टिम), प्रत्येक डिस्क स्वतःची ओळख स्वतःच्या अंगावर बाळगते. झेडएफएस तर प्रत्येक डिस्कवर चार लेबलं ठेवतं, दोन सुरुवातीला, दोन शेवटी. कुठल्या पोर्टात खुपसलीय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. अर्धसत्य एवढंच की काही जुनी हार्डवेअर रेड कार्डं पोर्टच्या क्रमाला चिकटून असायची. मेसेजातली भीती बहुधा तिथूनच आली असावी. केबलीवर चिकटपट्टी लावून आकडे लिहायला हरकत नाही, तेवढं मी मान्य करतो.

तिसरी पायरी. फ्रीझर. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं, यापुढे काही बोलत नाही. दिसत नाही म्हणजे मेली असंही नव्हे. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क आत लावली आणि फिरलीच नाही, तर साटाच्या पॉवर कनेक्टरची तिसरी पिन बघा. नव्या साटा नियमांत त्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की काही डिस्का बंद राहतात, आणि जुने पॉवर सप्लाय ते व्होल्ट तिथे देतच असतात.

चौथी पायरी पाचवीची धाकटी बहीण. विंडोजला रेडमधली डिस्क कळत नाही, म्हणून ते 'इनिशियलाइझ करू का' विचारतं. हो म्हटलं की ते नवा विभागणी तक्ता (डिस्कचा कुठला भाग कुठे, याची यादी) लिहितं, आणि त्याचा हल्लीचा प्रकार, जीपीटी तक्ता, डिस्कचे पहिले ३४ सेक्टर घेतो, साधारण १७ किलोबाइट. एमडीएडीएमचं हल्लीचं ओळखपत्र असतं सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर. अख्खी डिस्क विभागणी न करता रेडला दिलेली असेल, तर ओळखपत्र बरोबर त्या तक्त्याखाली चिरडतं. भाच्याच्या घरी विंडोज नाही, म्हणून तो चौथी सोडून थेट पाचवीवर गेला. नशीब.

पहिलीबद्दल तक्रार कमी. रॅम किंवा प्रोसेसर बदलल्यावर सीमॉस रीसेटने खरंच काम होतं. पण त्याने साटाचा मोड, बूट यूईएफआय या नव्या पद्धतीने की जुन्या, बूटचा क्रम, सगळं मूळ पदावर जातं. जुन्या पद्धतीने टाकलेली सिस्टिम मग सुरूच होत नाही आणि माणूस म्हणतो, आता तर आणखीच बिघडलं. आधीच्या सेटिंगचे फोटो काढा, मग बॅटरीला हात लावा. आणि डीडीआर ५ रॅम नवी असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

सहावीवर मात्र मला पाचवीइतकाच राग आहे. मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबलीचं डिस्ककडचं टोक ठरलेलं असतं, सप्लायकडचं नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांची मांडणी वेगळी असू शकते. केबल अगदी फिट बसते, खटकासुद्धा लागतो, आणि ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट जातात. एका झटक्यात चारही डिस्का जळतात. त्यावर क्रिएट नाही, असेम्बल (जुना ॲरे जोडून उभा करणं) नाही, काहीच नाही. सप्लाय बदलला की त्याच्याबरोबर आलेल्याच केबली लावा.

राहिली सातवी. इमर्जन्सी मोडचा पडदा आला म्हणजे सिस्टिम बूट होतेय. तिला एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या, त्या यादीत) लिहिलेला रेड सापडला नाही, सिस्टिमडीने (लिनक्समध्ये सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) ठरलेली ९० सेकंदं वाट पाहिली आणि ती थांबली. त्या ओळीत 'नोफेल' असतं तर तेवढा एक माउंट सोडून पुढे गेली असती. यात नव्याने काय टाकायचं?

केबली हलवल्यावर भाचा म्हणाला, "मामा, अजून बूट होत नाही. लॅपटॉपवरून दिसतच नाहीये." पुन्हा सातवी पायरी त्याच्या डोक्यात. पडदा बघ म्हटलं, तर लॉगिन मागत निवांत बसलेला. एनव्हीएमईमुळे पीसीआयचे (बोर्डाला जोडलेल्या कार्डांचे) क्रमांक एकाने सरकले होते, नेटवर्क कार्डाचं ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं होतं आणि सेटिंगमध्ये जुनंच नाव होतं. तीनचा चार केला. पाऊण वाजता ताईचे फोटो उघडले.

"याची दुसरी प्रत कुठे ठेवलीयस?" मी विचारलं.

"मामा, उशीर झालाय, झोप आता."