टाकीचे गळणे

सोलापुरात 'टाकी' म्हटले की गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकीच डोळ्यांसमोर येते. त्यामुळे घरी बांधत असलेल्या विमानाच्या पंखांत बसणाऱ्या इंधनटाक्या मी सध्या तयार करतो आहे, हे नीट समजावून सांगितल्यावरही शेजारच्या काकांनी "पण नळाला पाणी रोज कुठं येतं? भरणार कशी?" अशी रास्त काळजी व्यक्त केली. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधले, हा दाखला मी घरात इतक्या वेळा दिला होता की त्याला कंटाळून पत्नीने गाडी लावायची जागा मला देऊन टाकली.

अॅल्युमिनियमच्या पत्र्याची ही टाकी शेकडो रिव्हेटांनी जोडतात आणि प्रत्येक रिव्हेटसाठी आपणच आपल्या टाकीला एक भोक पाडलेले असते. ती भोके बुजवणारे सीलंट दोन डब्यांत येते; मूळ लगदा आणि त्याला घट्ट करणारे द्रव्य दहास एक अशा वजनी प्रमाणात कालवायचे असते. कालवल्यावर ते डांबरासारखे काळे दिसते, त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि पत्र्यापेक्षा अधिक आत्मीयतेने ते मनगटाला, चष्म्याला व दाराच्या कडीला चिकटते. पंचवीस अंश तापमानात ते दोन तास कामाचे राहते. पुढे दर पाच-सहा अंशांना हा वेळ निम्मा होतो. आमच्याकडच्या मे महिन्यातील बेचाळीस अंशांचा हिशेब मांडला तेव्हा हाती जेमतेम पंधरा मिनिटे उरली. म्हणून मी पहाटे चारला उठू लागलो आणि सीलंटचा डबा फ्रीजमध्ये शेंगाचटणीशेजारी ठेवू लागलो. चटणी दुसऱ्याच दिवशी फ्रीज सोडून गेली.

टाकी गळते का, हे पाहण्यासाठी बाकीची तोंडे बंद करून एका तोंडाला फुगा बांधतात आणि आत अगदी बेताची हवा भरतात; जास्त भरली तर पत्राच फुगून बसतो. रात्री फुगा मलूल झाला. ऐंशी लिटर हवा दहा अंशांनी निवली की अडीच लिटरांनी आकसते, असे गणित करून मी स्वतःचे सांत्वन केले. परंतु दुसऱ्या दिवशी भर दुपारीही तो उठला नाही, तेव्हा गणिताचा आधार सुटला. दोन दिवस साबणाच्या पाण्याने मी एकेक रिव्हेट न्हाऊ घातला. पत्नीच्या मते इतक्या निगुतीने मी मुलांनाही कधी अंघोळ घातली नव्हती.

शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावले. टाकीकडे ढुंकूनही न पाहता त्याने बोटावर थुंकी घेतली आणि फुग्याच्या तोंडाशी, मी दोरा बांधला होता तिथे, लावली. टपोरा बुडबुडा आला. मी खिशात हात घातला, तर तो म्हणाला, "टाकीला पंक्चरच नाही की ओ, पैसे कशाचे घेऊ?"