छपराच्या नियमावरचा तो मेसेज

गेले काही महिने कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या गटांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो इथल्या दोन गटांवरून आला, मग पुण्याहून आतेभावाने काळजीपोटी पाठवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. घरावर ‘क्लास ए’ म्हणजे आगीला दाद न देणारं छप्परच हवं, हा इथल्या शहरांचा नियम म्हणजे कौलवाले आणि विमा कंपन्यांची मिलीभगत आहे. अशी छपरं असूनही जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसला घरं जळलीच, म्हणजे नियम कुचकामी. झाडं हिरवी उभी आणि घरं राख, म्हणजे ती साधी आग नव्हतीच. आता प्रत्येकाला चांगलं छप्पर उपटून नवं घालावं लागणार. आणि शेवटी, घर माझं, जळलं तर माझं जळेल, शहराला काय पडलंय?

शेवटचा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून त्यालाच आधी हात घालतो.

‘जळलं तर माझं जळेल’ हे दगडी भिंतीबाबत कदाचित खरं असेल. लाकडी छपराबाबत ते साफ चूक आहे. इथे पूर्वी घरोघरी सीडार लाकडाच्या फळ्यांची छपरं असत. त्या फळीला ‘शेक’ म्हणतात. दीड-दोन फूट लांब, एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळती, वजनाला हलकी. खालच्या ओळीवर वरची ओळ चढवत ती ठोकत जातात. दहा-पंधरा उन्हाळे खाल्ले की फळ्यांच्या कडा वळतात, भेगा पडतात आणि त्या फटींत सुकलेला पाचोळा बसतो. उडत आलेल्या ठिणगीला आणखी काय हवं? फळी पेटली की खिळ्याजवळचं लाकूड जळून ती सुटते, आगीच्या झोताबरोबर वर जाते आणि वारा नेईल तिथे जाऊन पडते. पडते तेव्हाही ती जळतच असते.

६ नोव्हेंबर १९६१ ला लॉस एंजलिसच्या बेल एअर भागात हेच झालं. सांता आना वारे, म्हणजे वाळवंटाकडून येणारे कोरडे, जोराचे वारे, सुटले होते. टेकडीवरच्या झुडपांत आग लागली आणि तिथून घरांच्या छपरांवर आली. पुढे तिला झुडपांची गरजच उरली नाही. जळत्या फळ्या उडून मधली घरं, रस्ते ओलांडत पुढच्या छपरांवर पडत गेल्या. बंब एका गल्लीत पाणी मारतोय आणि तिसऱ्याच गल्लीत नवं छप्पर पेटतंय, अशी गत. ४८४ घरं गेली. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण तिथे अक्षरशः खरी झाली, आणि त्यात अग्निशमन दलाचा काडीचाही दोष नव्हता. एकाच्या छपराने दुसऱ्याचं घर पेटत असेल, तर ‘माझं घर, माझी मर्जी’ हे वाक्य बोलायचा हक्क वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या शेजाऱ्यालाही आहे. शहराचा नियम येतो तो त्या शेजाऱ्यासाठी.

आता मिलीभगत. या विषयाच्या इतिहासात लॉबी आहे, नाही असं नाही. पण ती कुठल्या बाजूला होती ते बघा.

१७ सप्टेंबर १९२३ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कली शहरात उत्तरेकडच्या टेकड्यांवरून आग खाली उतरली आणि काही तासांत सुमारे ६०० इमारती घेऊन गेली. विद्यापीठाच्या उत्तरेचा तो भाग, जिथे आज आपली कितीतरी मुलं भाड्याच्या खोल्यांत राहतात. समुद्राकडून दमट वारा आला म्हणून पुढचं शहर वाचलं. आगविमा कंपन्यांच्या तपासनिसांनी बोट ठेवलं ते लाकडी छपरांवर. शहराने अशा छपरांना मनाई करणारा नियमही केला, पण लाकूड व्यापाऱ्यांनी आणि बांधकामवाल्यांनी असा रेटा लावला की तो टिकला नाही. लाकडी छपरं पुन्हा चढली, त्याच टेकड्यांवर, त्याच वाऱ्यात.

मग २० ऑक्टोबर १९९१ उजाडला. ओकलंड आणि बर्कलीच्या टेकड्यांवर आदल्या दिवशी विझवलेली म्हणून सोडलेली झुडपांची आग कोरड्या वाऱ्याने पुन्हा भडकली. पहिल्या तासाभरातच ७९० घरं पेटली. २५ माणसं गेली, तीन हजारांवर घरं गेली. त्यानंतर कुठे राज्याने जागं होऊन कायदा केला. आमदार टॉम बेट्स यांच्या १९९२ च्या विधेयकाने आगीचा अति उच्च धोका असलेले पट्टे नकाशावर आखायला लावले आणि तिथल्या छपरांवर अटी आल्या. लॉस एंजलिस शहराने नव्या आणि बदलायच्या छपरांसाठी लाकडी फळ्यांवर पूर्ण बंदी घातली ती १९८९ मध्ये, म्हणजे बेल एअरनंतर २८ वर्षांनी. एवढी वर्षं नियम अडवून धरणारे कौलवाले नव्हते, विमावाले तर नव्हतेच. मेसेज लिहिणाऱ्याचं हे चोराच्या उलट्या बोंबांसारखं आहे. विमा कंपन्यांना घरं न जळण्यात फायदा असतो हे मान्य. मलाही असतो.

शिवाय कौलवाल्यांना या नियमातून घबाड मिळतं ही कल्पनाच ‘क्लास ए म्हणजे कौल’ अशा समजुतीवर उभी आहे. क्लास ए हे कुठल्याही वस्तूचं नाव नाही. तो परीक्षेचा निकाल आहे, आणि ती परीक्षा मजेशीर आहे. डग्लस फर लाकडाच्या पाऊण इंची चौकोनी काड्या घ्यायच्या, प्रत्येकी फूटभर लांब. बारा काड्यांचा एक थर, असे तीन थर आडवे-उभे ठोकून एक जाळी करायची, साधारण दोन किलो वजनाची. ती चांगली धडधडून पेटवायची आणि उतरत्या छपराच्या तुकड्यावर ठेवून द्यायची, वर पंख्याने ताशी बारा मैलांचा वारा. जाळी जळून कोळसा होईपर्यंत खालची लाकडी फळी पेटली नाही, आणि छपराचे जळते तुकडे उडाले नाहीत, तर पहिली पायरी पार. वेगळ्या चाचणीत नुसती ज्वाळा सोडतात. तेव्हा छपरावर आग सहा फुटांच्या पलीकडे पसरता कामा नये. क्लास बी साठी जाळी अर्ध्या किलोची असते. क्लास सी साठी जेमतेम दीड इंचाचा, दहा ग्रॅमच्या आतला लाकडाचा तुकडा.

ही परीक्षा कौल पास होतं, पत्रा योग्य अस्तर घालून पास होतो, आणि काचतंतूच्या चटईवर डांबर व दगडी कणी बसवलेले साधे शिंगल, म्हणजे छपरावर ओळीने ठोकायचे पातळ तुकडे, तेही सहसा पास होतात. अमेरिकेत सर्वात जास्त घरांवर असणारं, सर्वात स्वस्तातलं छप्पर तेच. तुम्ही हे वाचताय ते बहुधा त्याच्याच खाली बसून. डांबर असूनही ते टिकतं, कारण डांबराला धरून ठेवणारी चटई काचेची असते आणि वरची कणी आगीला सरळ आत शिरू देत नाही. खुद्द सीडारच्या फळ्यांनाही नियमाने वाट पूर्ण बंद केलेली नाही. दाबाखाली आगरोधक रसायन मुरवलेल्या फळ्या खास अस्तरावर बसवल्या तर काही बांधण्या क्लास ए पर्यंत जातात. काही शहरं तेवढंही चालवून घेत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर करतात.

‘घरं तरी जळलीच’ हा मेसेजमधला सर्वात अवघड मुद्दा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. लॉस एंजलिसच्या पॅलिसेड्स भागात आणि जवळच्या ॲल्टाडीनात जानेवारी २०२५ मध्ये कौलांची घरं जळली, शिंगलची जळली, पत्र्याचीही जळली. क्लास ए चं छप्पर म्हणजे घराला चिलखत चढवलं असं सांगत कोणी फिरत असेल तर तोही थापच मारतोय. ठिणग्या पोटमाळ्यात हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या झडपांतून आत जातात. पन्हळीत साठलेल्या पाचोळ्यात पडतात आणि वळचणीचं लाकूड पेटवतात. लाकडी कुंपण वातीसारखं जळत भिंतीपर्यंत येतं. शेजारचं घर दहा फुटांवर पेटलं की त्याच्या धगीने खिडकीची काच तडकते, मग छपराला विचारतो कोण?

कौलाचंही तसंच. आपल्याकडच्या नळीच्या कौलांसारखी अर्धगोल कौलं इथे स्पॅनिश धाटणीच्या घरांवर असतात. कौल स्वतः जळत नाही, पण वळचणीला प्रत्येक ओळीचं तोंड उघडं राहतं. त्यात चिमण्या गवत भरतात, उंदीर घरटी करतात आणि नेमकी तिथेच ठिणगी शिरते. म्हणून नियमात नुसतं कौल घाला असं लिहिलेलं नाही, कौलाखालच्या फटी बुजवा असंही लिहिलंय. कौलारू घर असलेल्या ओळखीच्या माणसांना मी हे सांगतो तेव्हा बहुतेकांनी आपली वळचण कधी खालून पाहिलेलीच नसते. शिडी लावायचीही गरज नाही, अंगणातून वर बघितलं की ती तोंडं दिसतात.

मग नियमाचा उपयोग किती? हे मोजलं गेलंय. ८ नोव्हेंबर २०१८ च्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्याने उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव जवळजवळ पुसलं, ८५ माणसं गेली. नंतर मॅक्लॅची वृत्तसमूहाने आगीच्या वाटेतली स्वतंत्र घरं तपासली. छप्पर, झडपा, भिंती, खिडक्या या सगळ्यांचे कडक नियम २००८ मध्ये लागू झाले होते. त्यानंतर बांधलेल्या सुमारे ३५० घरांपैकी ५१ टक्के घरांना धक्का लागला नाही. आधीच्या बारा हजारांवर घरांत हेच प्रमाण १८ टक्के. पॅट्रिक बेलिस आणि जडसन बूमहाउअर या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वणव्यांतली घरं एकत्र पाहिली. सारख्याच आगीत १९९० च्या घराच्या तुलनेत २००८ नंतरचं घर नष्ट होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाली. याहून महत्त्वाचं म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या घराचा फायदा लगतच्या घरालाही होताना दिसला. हे आकडे एकट्या छपराचे नाहीत, पूर्ण नियमावलीचे आहेत, हे लक्षात ठेवा. आणि ५१ टक्के वाचली याचा अर्थ ४९ टक्क्यांना फटका बसलाच. पण ५१ आणि १८ मधला फरक ज्याला ‘कुचकामी’ वाटतो त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पॅलिसेड्स आणि ॲल्टाडीनात जळलेली बहुतेक घरं २००८ च्या कितीतरी आधीची होती, हे मात्र मेसेजवाला सोयीस्कर विसरलाय.

झाडं हिरवी आणि घरं राख, याला दोन ओळी पुरेत. जिवंत झाडाच्या पानांत पाणी असतं, ठिणगी पडून विझते. घर म्हणजे वाळवलेल्या लाकडाचा आणि आत प्लास्टिक-फोमच्या सामानाचा ढीग. ते एकदा पेटलं की तासन्‌तास जळतं. घराने घर पेटवलं, झाडं बाजूला राहिली, एवढाच त्याचा अर्थ. आकाशातून किरण सोडले, निळी छपरं तेवढी वाचली वगैरे जोडपत्र याच मेसेजला कुणीतरी चिकटवलंय. त्यावर वेळ घालवत नाही.

राहिला खर्च. चांगलं छप्पर उपटून काढा असं राज्याचा नियम म्हणत नाही. पूर्ण छपराला तो लागू होतो ते नवं घर बांधताना, किंवा वर्षभरात निम्म्याहून जास्त छप्पर बदलताना. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही कंत्राटदाराला बोलावणारच होता, त्या दिवशी. छप्पर बदलणं स्वस्त नाही हे इथे घर असलेल्या कुणाला सांगायला नको. पण तो खर्च जुन्या छपराच्या वयाचा आहे, नियमाचा नाही. नव्या बांधकामाबाबत मोंटानातल्या हेडवॉटर्स इकॉनॉमिक्स या संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता. आगरोधक पद्धतीचं घर आणि नेहमीचं घर, दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच निघाला. २०२२ पासून कॅलिफोर्नियाच्या विमा विभागाच्या नियमाने कंपन्यांना क्लास ए छपरासाठी आणि घराभोवतीचा पाच फुटांचा पट्टा साफ ठेवण्यासाठी हप्त्यात सूट द्यावी लागते. सूट फार मोठी नसते. तरी आपल्या पॉलिसीत ती लागली आहे का, हे एजंटला फोन करून विचारायला काय हरकत आहे? न मागता ती लागतेच असं नाही.

खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती मेसेजमध्ये कुठेच नाही. निवृत्तीच्या पैशावर जगणाऱ्या, जुन्या लाकडी छपराखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला नियम आज काहीच करायला लावत नाही, आणि छप्पर बदलायला त्यांच्याकडे पैसेही नाहीत. सबंध गल्लीतलं सर्वात धोक्याचं छप्पर बहुधा तेच असतं. अशा घरांसाठी अनुदान वाढवा म्हणून नगरपरिषदेच्या बैठकीत दोन मिनिटं बोलायला मराठी मंडळातली माणसं गेली, तर मीही येईन. नियम रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर मात्र माझी सही मागू नका. आणि ‘आमची सोसायटी सगळ्यांना एकसारखी लाकडी छपरंच ठेवायला लावते’ ही सबबही चालणार नाही. अति उच्च धोक्याच्या पट्ट्यात निदान एका प्रकारच्या आगरोधक छपराला तरी परवानगी द्यावीच लागेल, असं राज्याचा कायदाच सोसायट्यांना सांगतो. पट्टा कुठला ते राज्याच्या नकाशावर आपला पत्ता टाकला की कळतं.