दुधाचा रकाना

आमच्या जुन्या वळूला निरोप द्यावा लागला, तो त्याच्या कामचुकारपणामुळे नव्हे, तर कर्तव्यतत्परतेमुळे. दोन वर्षे त्याने कळपात इतक्या निष्ठेने काम केले की त्याच्या पहिल्या कालवडी बघता बघता पंधरा महिन्यांच्या होऊन माजावर येऊ लागल्या, आणि वळूला नातीगोती कळत नाहीत. बापापासून लेकीला झालेल्या वासराचे आंतरप्रजनन २५ टक्के भरते, हे मी वाचलेले एकदा घरात बोलून दाखवले. जो वाचतो त्यानेच नवा वळू निवडावा, असा ठराव दादांनी माझ्या अनुपस्थितीत संमत केला. मी त्या वेळी गोठ्यात शेण भरत होतो.

कृत्रिम रेतनाचा मार्ग मी सुचवून पाहिला. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये मोठमोठे नामांकित वळू गोठवलेल्या वीर्याच्या कांडीच्या आकाराने तयार असतात, हे खरे. परंतु गाय माजावर आली हे माणसाला वेळेत कळले तरच त्या कांड्यांचा उपयोग, आणि आमच्या गाई हा कार्यक्रम बहुधा मध्यरात्रीनंतर उरकून सकाळी निरागस चेहऱ्याने रवंथ करीत बसतात. रात्रपाळीला न झोपणारा कर्मचारी एकच, तो म्हणजे वळू.

मी चौकटीच्या कागदावर तक्ता आखला. पाठ, छाती, पाय, खूर, चाल, स्वभाव, वंशावळ, प्रत्येकाला दहा गुण. वहिनींनी तो लक्षपूर्वक वाचला आणि विचारले, "भावोजी, यात दुधाचा रकाना कुठे आहे?"

मी हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र लक्षात आले की हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. गाय वर्षाला एक वासरू देते. वळू त्याच काळात पंचवीस-तीस वासरांचा बाप होतो, म्हणून अर्धा कळप त्या एकट्याचा. ज्या दुधासाठी ही सगळी यातायात, ते तो स्वतः थेंबभरही देत नाही. ते त्याच्या लेकी देणार, आणि त्या अजून जन्मायच्या आहेत. पूर्वी लेकींचे दूध मोजूनच वळूची किंमत ठरवीत, आणि तोवर वळू पाच वर्षांचा होई. २००९ पासून होल्स्टीनसारख्या विदेशी दुधाळ जातींत वासराच्या डीएनएवरून हा अंदाज अधिकृतपणे बांधता येऊ लागला. पण अंदाज तो अंदाजच. मी तक्त्यात 'दूध' असा रकाना वाढवला आणि त्यात काय लिहायचे ते न कळल्यामुळे तो कोरा ठेवला.

पहिला वळू पाहताक्षणी मला आवडला. तुकतुकीत कातडी, हत्तीसारखे अंग, मांडीवर हात ठेवला तर घसरावा अशी चरबी. मी त्याला एकामागून एक दहा देत सुटलो होतो, इतक्यात दादा म्हणाले, "अरे, जरा चालवून बघ." वळू चालला आणि माझे गुण ढासळू लागले. मागचे पाय खांबासारखे सरळ होते; गाईवर चढताना त्याचा सारा भार ज्या सांध्यांवर यायचा, त्यांना बाक कसला तो नव्हताच. आमच्यासोबत आलेल्या डॉक्टरांनी उरलेसुरले गुण चरबीवरूनच काढून घेतले. अंडकोश शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहावा लागतो म्हणून निसर्गाने त्याला बाहेर टांगले आहे, आणि या महाशयांनी खाऊन खाऊन अंडकोशाच्याच मानेभोवती चरबीची गोधडी पांघरली होती. मालक दुखावले. मीही दुखावलो, कारण इतके गुण मी आयुष्यात कोणाला दिले नव्हते.

दुसऱ्या ठिकाणी वंशावळीचा कागद वळूपेक्षा लांब होता. मालकांनी आजोबांपासून सुरुवात केली. मी नम्रपणे पॉनी फार्म अर्लिंडा चीफची गोष्ट सांगितली. १९६२ साली जन्मलेल्या या होल्स्टीन वळूला सुमारे १६,००० मुली झाल्या, दुधाच्या बाबतीत त्याचे रक्त सोन्यासारखे ठरले, आणि त्याच रक्तातून एक दडलेला दोषही जगभर पसरला. आई आणि बाप या दोन्हींकडून तो आला की गर्भ पोटातच मरे, आणि हे कोडे उलगडायला जवळजवळ अर्धशतक लागले. तेव्हा मोठे नाव असले तरी तपासणी केलेली बरी, असे मी म्हणालो. मालक शांतपणे म्हणाले, "तुम्ही वळू बघा."

मी कुंपणाच्या आत जाऊन वळू पाहू लागलो. हा इतका समंजस निघाला की मी समोर उभा राहताच आपणहून वळला आणि बाजूने उभा राहिला, जणू लांबी नीट दिसावी म्हणून. त्याने पाठ थोडी कमानदार केली; मी 'पाठ : ८' लिहिले. मान खाली घातली. मी वशिंडापासून शेपटापर्यंतची रेष डोळ्यांनी मापून 'लांबी : ९' लिहिले. मग तो पुढच्या पायाने माती उकरून पाठीवर उडवू लागला आणि मी खुरांची ठेवण पाहण्यासाठी किंचित वाकलो. त्याच क्षणी दादांनी माझ्या सदऱ्याची कॉलर धरून मला कुंपणाबाहेर ओढले, आणि ज्या जागी मी वाकलो होतो तिथून वळू गेला. वळू आडवा उभा राहून स्वतःची लांबी दाखवतो, ती गुणांसाठी नव्हे. 'एवढा मी आहे, आता तू निघ' हा त्याचा अखेरचा इशारा असतो, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावले. मालक म्हणाले, तो गरीब आहे, बाटलीने दूध पाजून वाढवलाय. डॉक्टर म्हणाले, माणसाच्या हातचे दूध पिऊन वाढलेला वळूच माणसाला आपल्यातला समजून त्याच्याशी झुंजायला जातो. स्वभावही लेकींत उतरतो, आणि त्या लेकींच्या कासेखाली रोज दोनदा वहिनी बसणार होत्या. मी स्वभावाच्या रकान्यात शून्य लिहिले. थरथरत्या हातामुळे ते सहासारखे दिसते.

तिसरा वळू दिसायला अगदी बेताचा होता, म्हणजे गर्दीत हरवला तर वर्णन करून सापडला नसता. पण चालताना त्याचे मागचे खूर पुढच्या खुरांच्या ठशांत बरोबर पडत होते, आणि मला पाहून त्याने फक्त नाकपुडी चाटली. डॉक्टरांनी टेप काढली. अशा प्रसंगी सभ्य माणसाने कुठे पाहावे हे मला कोणी शिकवलेले नाही, म्हणून मी क्षितिजाकडे पाहत आकडा लिहून घेतला. दोन वर्षांवरील वळूच्या अंडकोशाचा घेर निदान ३४ सेंटीमीटर लागतो. याचा ३७ भरला. "हे जास्त असेल तर लेकीसुद्धा लवकर वयात येतात," असे डॉक्टर म्हणाले, आणि प्रथमच मला क्षितिजावरून नजर हटवावीशी वाटली.

मग वीर्याची तपासणी. निदान ३० टक्के शुक्रजंतू पुढे धावणारे आणि ७० टक्के सुघड बांध्याचे हवेत. काचपट्टी माझ्या हाती देऊन डॉक्टर सूक्ष्मदर्शक मांडू लागले. इतकी मौल्यवान वस्तू उन्हात कशी धरावी, या विचाराने मी ती पाण्याच्या हौदाच्या गार काठावर अलगद ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली सारा जनसमुदाय निपचित पडलेला दिसला. मालकांचा चेहरा पडला. वळू नापास झाला तर साठ दिवसांनी पुन्हा तपासावे लागते, कारण नवे शुक्रजंतू तयार होण्यास तेवढा अवधी लागतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, हौदाकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही हे गारठवलंत का हो?" कोमट पट्टीवर घेतलेल्या दुसऱ्या थेंबात जत्रा उसळली होती. मला पाहू दिले नाही.

वळू घरी आला. महिनाभर त्याला वेगळे बांधले, क्षय आणि सांसर्गिक गर्भपाताच्या चाचण्या झाल्या, आणि कालवडींना पेलतील अशी बारीक अंगाची वासरे त्याच्या वंशात होतात याची खात्री करून त्याला कळपात सोडले. एकवीस दिवस मी वही घेऊन बसलो. दोन कालवडी उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या, बाकीच्या गाभण ठरल्या.

नऊ महिन्यांनी त्या व्यायल्या आणि दूध असे वाढले की घरातली भांडी पुरेनात. शेजारपाजारचे येऊन नव्या वळूच्या पाठीवर थाप मारू लागले, दादा चारचौघांत म्हणाले, "धाकट्याची पारख आहे." मी नम्रपणे मान खाली घातली. नव्या वळूच्या लेकी त्या दिवशी आठवड्याच्या होत्या आणि दूध देण्याऐवजी पीत होत्या.

वहिनींनी भरलेली बादली खाली ठेवली आणि दूध देणाऱ्या कालवडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका निरखून पाहिला. तोच ठिपका, त्याच जागी, जुन्या वळूला होता.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या रकान्यात आता नाव कोणाचं लिहिणार?"