‘दोन दिवसांत ऑनलाइन दुकान’: एका दाव्याचा प्रतिवाद

“सॉफ्टवेअर उभारायला प्रोग्रामर लागतात आणि वर्षे जातात, ऑनलाइन दुकान मात्र दोन दिवसांत उघडते, माल न साठवताही चालते आणि थोडी जाहिरात केली की नफा सुरू होतो,” अशा अर्थाचा सल्ला नव्या उद्योजकांना सर्रास दिला जातो. त्यावर विसंबून लोक साठवलेला पैसा गुंतवतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

दुकान दोन दिवसांत उघडते, हे खरे आहे. परंतु ते जितके तुम्हाला सोपे, तितकेच तुमच्या प्रत्येक स्पर्धकालाही सोपे आहे. टोबी लुट्के यांनी २००४ साली एका साथीदारासह स्नोबोर्ड विकणारे ऑनलाइन दुकान काढले, तयार सॉफ्टवेअर मनासारखे मिळेना म्हणून ते स्वतः लिहिले, आणि २००६ साली तेच शॉपिफाय या नावाने इतर दुकानदारांसाठी खुले झाले. अशा सेवांमुळे वेबसाइट उभारण्याचे काम हलके झाले. माल निवडणे, तो वेळेवर पोहोचवणे आणि परत आलेला माल सांभाळणे ही कामे मात्र होती तिथेच राहिली.

खरी मेख पैशाच्या हिशेबात आहे. सॉफ्टवेअर एकदा तयार झाले की शंभराव्या ग्राहकाला ते देण्याचा वाढीव खर्च नगण्य असतो, तर दुकानदाराला प्रत्येक ऑर्डरसाठी माल, पॅकिंग आणि कुरिअर यांवर नव्याने खर्च करावा लागतो. समजा, १०० ची विक्री झाली आणि त्यातले ५० मालाचे, २० जाहिरातीचे, १२ पॅकिंग-कुरिअरचे व ३ पेमेंट शुल्काचे गेले, तर हाती १५ उरतात. आता एक वस्तू परत आली आणि ग्राहकाला पूर्ण रक्कम दिली, तर जाहिरात, जाण्याचा खर्च, येण्याचे आणखी १२ आणि परत न मिळणारे शुल्क मिळून ४७ बुडतात, म्हणजे तीन विक्रींचा सगळा नफा जातो. आणि एवढ्यावर भागते तेही वस्तू पुन्हा विकण्याजोगी असेल तरच.

साठ्याचेही तसेच. टी-शर्टचे एकच डिझाइन पाच मापांत आणि चार रंगांत ठेवायचे म्हटले की वीस प्रकार होतात, आणि प्रत्येकी दहा नग घेतले तर २०० नगांत भांडवल अडकते. त्यातली मधली मापे आधी संपतात, टोकाची पडून राहतात, आणि मधली पुन्हा मागवायला लागणारा पैसा त्या पडून राहिलेल्या मालातच गुंतलेला असतो.

माल न साठवता विकण्याचा, म्हणजे ड्रॉपशिपिंगचा, उपाय यावर सुचवला जातो. त्यात भांडवल अडकत नाही, हे मान्य; पण मालाचा दर्जा आणि पोहोचण्याचा वेळ दोन्ही पुरवठादाराच्या हातात जातात, आणि खराब वस्तू मिळालेला ग्राहक तक्रार तुमच्याकडेच करतो. शिवाय तोच पुरवठादार तोच माल इतर अनेकांनाही देत असल्यामुळे स्पर्धा अखेर किमतीवर येऊन ठेपते.

जाहिरातीचा मुद्दा तर सर्वांत धोक्याचा आहे. पेट्स डॉट कॉम या पाळीव प्राण्यांचे सामान विकणाऱ्या कंपनीने जानेवारी २००० मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, वेळी महागडी जाहिरात दिली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये व्यवसाय गुंडाळला. नाव घरोघरी पोहोचले होते; पण कमी दरात विकलेल्या वजनदार मालाचा वाहतूक खर्च भरून निघत नव्हता, आणि अशा स्थितीत ग्राहक वाढतात तसा तोटाही वाढतो.

सॉफ्टवेअर व्यवसाय सोपा आहे, असा याचा अर्थ नाही. कोणालाच नको असलेले उत्पादन बनवण्यात महिनोन्महिने वाया जाऊ शकतात, सुरक्षेची आणि दुरुस्तीची जबाबदारी कायम राहते, आणि मासिक वर्गणी भरणारे ग्राहक गळतही जातात. तिथली मोठी अडचण बहुधा पहिल्या विक्रीच्या आधी असते. दुकानाची अडचण पहिल्या विक्रीपासून सुरू होते आणि प्रत्येक विक्रीबरोबर पुन्हा येते. त्यामुळे दुकान काढू पाहणाऱ्याने वेबसाइटला किती दिवस लागतील हे विचारण्याआधी, परतीचे प्रमाण दुप्पट झाले तरी आपला हिशेब टिकतो का, हे कागदावर मांडून पाहावे.