पणजोबांना गाडीतून उतरवा

आमच्या भावकीने यंदा गावच्या नदीघाटावर पणजोबांच्या नावाची काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायचे ठरवले आहे. वर्गणी जमली, जागा ठरली, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे मजकूर लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. भावकीच्या ग्रुपवर जो नमुना आला त्याचे पहिलेच वाक्य असे होते : 'शेणोली रेल्वे लुटीतील अग्रणी वीर.' हे वाक्य मी लिहून देणार नाही, एवढेच मी कळवले आणि तेव्हापासून तीन आठवडे मी घरात आणि ग्रुपवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. तेव्हा माझी बाजू एकदा सविस्तर मांडतो.

७ जून १९४३ रोजी पुणे–मिरज मार्गावर शेणोलीजवळ तुफान सेनेने, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाने, गाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ ही त्यामागची नावे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. त्या वेळचा सातारा जिल्हा म्हणजे साधारणपणे आजचे सातारा आणि सांगली हे दोन्ही मिळून, आणि त्या मुलखात नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेले समांतर सरकार, १९४३ ते १९४६ एवढा काळ टिकले. त्याचा अभिमान कोणाला नसेल? मात्र माझ्या आजवरच्या ऐकिवात वाळवा, पलूस, कडेगाव आणि कराड या तालुक्यांतील इतक्या घरांचे पूर्वज शेणोलीच्या त्या गाडीवर चढलेले आहेत, की ती सगळी माणसे खरोखरच चढली असती तर इंजिनाला ती गाडी जागची हलवता आली नसती आणि अडवायचीही गरज पडली नसती.

आमचे पणजोबा, ज्यांना सारे घर तात्या म्हणे, त्या गाडीवर नव्हते. हे मी कशाच्या आधारावर म्हणतो, असा प्रश्न चुलतभावाने विचारला आणि तो रास्त आहे. पहिला आधार आमच्या आत्याआजीचा. तात्यांची ही धाकटी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. आज तिला कमी ऐकू येते, पण आठवण तल्लख आहे. तिला मी गाडीचे विचारले तेव्हा ती म्हणाली, "कसली गाडी? म्हस येली हुती रं आमची. तात्या रातभर गोठ्यात. दुसऱ्या दिशी गाडी लुटल्याचं गावात कळलं, तवा आमी खरवस खाईत हुतो." म्हैस नेमकी कधी व्याली हे शेतकऱ्याच्या घरात कोणी विसरत नाही, आणि खरवस तर नऊ वर्षांचे मूल कधीच विसरत नाही.

दुसरा आधार कागदाचा आहे आणि माझ्या मते तोच अधिक भक्कम आहे. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले आणि निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तितकाच भूमिगत काळ, आणि त्याचा पुरावा, अशी साधारण अट होती. तात्यांनीही अर्ज केला होता. त्याची कार्बनप्रत आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या उताऱ्यांखाली, चार घड्या घालून ठेवलेली मला सापडली. निळी शाई फिकट झाली आहे, घडीवर कागद उसवला आहे आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. मजकूर जेमतेम नऊ ओळींचा : अर्जदार व्यवसायाने गुळव्या (गुऱ्हाळावर गूळ करणारा) असून सन ४३ ते ४६ या मुदतीत भूमिगत मंडळींना रात्री काहिलीत बसवून कृष्णा पार करीत असे, अर्जदारास अटक झाली नाही, अर्जदाराच्या नावे वॉरंट नव्हते. अर्ज नामंजूर झाला, कारण पुरावा अपुरा. माझे म्हणणे एवढेच, की गाडीचे नाव घेतल्याने ज्या माणसाचा सर्वांत जास्त फायदा झाला असता त्याने ते अर्जात घेतले नाही. म्हाताऱ्याला पैशाची गरज नव्हती असे मुळीच नाही, त्या वर्षी तर दुष्काळच होता. तात्या गेल्यानंतर, अर्ज फेटाळल्याचा सल मनात धरून बसलेल्या पुढच्या पिढीने त्यांना गाडीवर चढवले, असा माझा अंदाज आहे, आणि त्यांच्यावर माझा रागही नाही. ज्या कामाचा कागद होत नाही त्या कामाला मान मिळत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आता त्या काहिलीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमच्या घरातल्या पोरांना ती आता फक्त हॉटेलच्या दारात कुंडीसारखी मांडलेली दिसते. काहील म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवायची भली मोठी, पसरट कढई. उसाचा हंगाम संपला की ती गुऱ्हाळाच्या खोपीत पालथी पडून असे, आणि गुळव्या या नात्याने ती तात्यांच्या ताब्यात असे. ती पाण्यात सोडली की तरते, पण तिला ना नाळ ना सुकाणू, त्यामुळे धार लागली की भोवऱ्यासारखी फिरू लागते. म्हणून आत तीन-चार माणसे उकिडवी बसवायची आणि पोहणाऱ्याने काठ धरून ती तिरकी ढकलत न्यायची, म्हणजे ती वाहत वाहत बरीच खाली, पलीकडच्या मळीला लागते. पावसाळ्यात हे काम दिवसाउजेडीही अवघड, आणि तात्या ते कंदील न लावता करीत. पलीकडे कुंडल होते. कुंडल त्या काळी औंध संस्थानात मोडत असल्यामुळे अलीकडच्या इंग्रजी हद्दीतून पळालेल्या माणसाला तिथे जरा उसंत मिळे, आणि तुफान सेनेचा मुख्य तळही तिथेच होता. पुलांवर पहारा असे, तसा नदीवर सगळीकडे ठेवता येत नसे. प्रतिसरकारची माणसे वाळव्यात जेवून पहाटे पलीकडे कशी पोहोचत, याचे उत्तर असल्या काहिलींत, सांगडींत आणि सुक्या भोपळ्यांत आहे. त्यांतल्या एका काहिलीचा काठ ज्याने तीन पावसाळे धरला, त्याला आपण न केलेल्या लुटीचा 'अग्रणी' ठरवतो, यात मला त्याचा गौरव दिसत नाही, उलट काहील ढकलणे आपल्याला कमीपणाचे वाटते असेच दिसते.

आणखी एक गोष्ट लिहायला मन धजत नव्हते, पण खरे बोलायचा आग्रह मीच धरला आहे, तेव्हा तीही लिहितो. बैलाच्या खुराला मारतात ती पत्री. प्रतिसरकारच्या शिक्षेत गुन्हेगाराच्या तळपायांवर काठीने मारीत, त्यालाही लोक पत्रीच म्हणत आणि त्यावरून सरकारलाही 'पत्री सरकार' म्हणू लागले. आमच्या गावात एका सावकाराला अशी पत्री बसली, आणि त्याचे पाय धरून ठेवणाऱ्यांत तात्या होते. आमच्याकडच्या लग्नकार्यांत जेवणावळी उठल्या, पान लावून झाले, की हा किस्सा नकलेसह निघतो आणि सगळे पोट धरून हसतात. गहाणखतांवर लोकांच्या जमिनी गिळणारा तो माणूस होता, त्या काळी दाद मागायला दुसरी जागा नव्हती, आणि प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाने अनेक गरिबांचे तंटे फुकटात मिटवले, हे सारे मला मान्य आहे. पण त्या घराची चौथी पिढी आमच्या बोळातच राहते. त्यांच्याकडे तो किस्सा पुढे जन्मभर काठी टेकत चाललेल्या आजोबांचा आहे, आणि त्यांचा नातू माझ्या वर्गात बसून गेला आहे. हे पाटीवर कोरा असे मी म्हणत नाही; पाटी घाटाची आहे. नक्कल मात्र बंद करावी, आणि निदान मी असेन त्या पंगतीत ती होणार नाही.

ग्रुपवर माझ्यावर मुख्य आक्षेप असा आहे, की तालुक्यात इतरांच्या पाट्यांवर काय काय लिहिलेले असते आणि आपणच तेवढे हरिश्चंद्र का व्हायचे. इतरांच्या पाट्यांचा जाब मला कोणी विचारणार नाही. आमच्या पाटीचा विचारतील, आणि विचारणाऱ्याला ट्रंकेतला तो अंगठा दाखवायची वेळ आली तर माझी मान खाली जाईल.

काल चुलतभाऊ घरी आला. सूर मवाळ होता. चहा घेताना म्हणाला, "बरं दादा, गाडी काढू. मग लिहायचं काय? होडी चालवली?" भिंतीला टेकून बसलेल्या आत्याआजीला एरवी तीनदा हाक मारावी लागते, पण हे तिला पहिल्याच खेपेला ऐकू गेले.

"व्हडी न्हाई," ती म्हणाली, "काईल."