लिव्हरच्या एमआरआयमधलं इंजेक्शन नाकारा, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. "लिव्हरचा एमआरआय सांगितलाय? इंजेक्शनशिवायच करा. साध्या एमआरआयमध्ये सगळं दिसतं. त्या डायमध्ये गॅडोलिनियम हा विषारी धातू असतो. त्याने किडन्या जातात, तो मेंदूत साठतो. आयोडीनची ॲलर्जी असेल तर जिवावर बेतेल. फॉर्मवर सही करू नका." मी रोज हेच स्कॅन वाचते. हा मेसेज दाखवून टेबलावरून उठलेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यांतल्या काहींना कॅन्सरचं निदान आधीच झालेलं होतं. म्हणून एकेक वाक्य घेते.

"साध्या एमआरआयमध्ये सगळं दिसतं."

पुष्कळ दिसतं, हे खरं आहे. लिव्हरमधली चरबी, साठलेलं लोह, पित्तनलिकेतला खडा, साधी पाण्याची गाठ, यांना इंजेक्शन लागत नाही. डिफ्यूजनच्या, म्हणजे पेशींभोवतालच्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या चित्रांत तर बारीक गाठीही चमकून उठतात. पण गाठ दिसली की पुढचा प्रश्न येतो: ती कसली? तिथे साधा एमआरआय बरेचदा अडतो, कारण उत्तर तिच्या रक्तपुरवठ्यात असतं.

लिव्हरला दोन वाटांनी रक्त येतं. साधारण 75 टक्के पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून, आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून. लिव्हरच्या स्वतःच्या पेशींतून उठणारा कॅन्सर मात्र मुख्यतः आर्टरीच्या रक्तावर पोसतो. म्हणून इंजेक्शनमधली डाय दिल्यावर अंदाजे 35 सेकंदांनी घेतलेल्या चित्रात बाकीचं लिव्हर करडंच असतं आणि गाठ उजळते. मिनिटभरात पोर्टल व्हेनमधून डाय पोचते, लिव्हर उजळतं, आणि मघाची तीच गाठ आता काळपट दिसते. हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ वेगळी वागते. ती कडेकडेने, ठिपक्याठिपक्यांनी भरायला लागते आणि सावकाश आतपर्यंत भरत जाते. हे सगळं काही मिनिटांत घडतं आणि डाय नसेल तर आम्हाला त्यातलं काहीच दिसत नाही.

सिऱ्होसिसच्या, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेल्या रुग्णात किमान 1 सेंटिमीटरच्या गाठीत उजळून काळवंडण्याचा हा नमुना स्पष्ट दिसला, तर बायोप्सीशिवायही कॅन्सरचं निदान पक्कं धरता येतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2011 मध्ये आणलेली लाय-रॅड्स ही लिव्हरमधल्या गाठींचं वर्गीकरण करायची पद्धत याच नमुन्यावर उभी आहे. दंडातली एक बारीक सुई लिव्हरमधली जाड सुई वाचवते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नाही.

लिव्हरसाठी गॅडोक्सेटेट नावाची खास डायही आहे. तिचा जवळपास निम्मा भाग लिव्हरच्या पेशी उचलतात आणि पित्तात सोडतात. त्यामुळे 20 मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतली की निरोगी लिव्हर पांढरंशुभ्र दिसतं. दुसरीकडून पसरून आलेल्या कॅन्सरमध्ये लिव्हरच्या पेशीच नसतात, त्यामुळे तो त्या पांढऱ्यात काळ्या भोकासारखा उठून दिसतो. आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णाचा स्कॅन मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. केमोनंतर लिव्हरमध्ये चरबी साठली होती आणि सीटीत उजव्या बाजूला एकच डाग कळत होता. 20 मिनिटांच्या चित्रात त्याच्याशेजारी दुसरा दिसला, आणि डाव्या टोकाला सहा-सात मिलिमीटरचा तिसरा. सर्जनने फक्त उजवा भाग काढायचं ठरवलं होतं. तो बेत त्या दिवशी बदलला.

"गॅडोलिनियम विषारी आहे, किडन्या जातात."

सुटं गॅडोलिनियम विषारी आहेच. म्हणूनच औषधात ते एका मोठ्या रेणूच्या पकडीत बांधलेलं असतं. काही औषधांत ही पकड उघड्या साखळीसारखी असते, काहींत बंद पिंजऱ्यासारखी, आणि पिंजरा जास्त घट्ट धरतो.

किडनीच्या भीतीमागे खरा इतिहास आहे, मेसेजने तो उलटा केला. किडनीचं काम जवळजवळ थांबलेल्या काही रुग्णांची त्वचा जाड, कडक होऊ लागली, सांधे आखडले. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस हे त्या आजाराचं नाव. त्याचा गॅडोलिनियमशी संबंध 2006 मध्ये पुढे आला. म्हणजे किडनी आधीच निकामी होती आणि त्यामुळे डाय बाहेर पडत नव्हती. दोष मुख्यतः साखळीवाल्या जुन्या औषधांकडे निघाला. अशा रुग्णांत ती वापरणं थांबवल्यावर नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. गॅडोक्सेटेटचा डोस तर नेहमीच्या गॅडोलिनियम डायच्या चौथ्या भागाइतकाच असतो आणि तिला किडनीखेरीज पित्ताचीही वाट मोकळी असते.

"मेंदूत साठतो."

वारंवार डाय घेतलेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमचा अंश राहतो, हे 2014 पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि साखळीवाल्या औषधांत ते प्रमाण जास्त असतं. त्या अंशामुळे मेंदूला इजा झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये सावधगिरी म्हणून अशा अनेक औषधांचा शिरेतला वापर थांबवायला सांगितलं. गॅडोक्सेटेट आणि गॅडोबेनेट ही दोन साखळीवाली असूनही तिने ठेवली, तीही केवळ लिव्हरच्या तपासणीसाठी, कारण लिव्हरमधलं त्यांचं काम दुसऱ्या औषधाने नीट भागत नाही. मेसेज जी नाकारायला सांगतो, ती वस्तू हीच.

"आयोडीनची ॲलर्जी." या डायमध्ये आयोडीन नसतं. ते सीटीच्या डायमध्ये असतं.

खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही. गॅडोक्सेटेट दिल्यावर काहींना क्षणभर श्वास अपुरा वाटतो, ते हलतात, आणि नेमकी ती 35 सेकंदांची चित्रं धूसर येतात. म्हणून टेक्निशियन आधी दोन-तीनदा सराव करून घेतो: श्वास घ्या, सोडा, आता थांबा. कावीळ जास्त असेल तर पेशी डाय कमी उचलतात आणि 20 मिनिटांचं चित्र फिकं येतं. तेव्हा दुसरी डाय निवडायची की नाही, हे आधी ठरवावं लागतं.

राहिला फॉर्म. त्यात किडनीचा आजार, आधी कुठल्या डायने आलेली रिॲक्शन, गरोदरपण, शरीरातलं पेसमेकरसारखं यंत्र यांचे प्रश्न असतात. कुणाला कोणती डाय द्यायची, द्यायची की नाही, हे आम्ही त्या उत्तरांवरून ठरवतो. सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट सोबत ठेवा, आणि कोणती डाय देणार आहात हे समोरच्याला विचारा.